कमी काउंटचं सोवळं

आई, मी आता तुझ्यासारखी सोवळ्यात असते. हे ऐकून तू पदर तोंडाला लावून हसली असतीस, कारण तुझ्या सोवळ्याला घरात सगळ्यांत जास्त नावं ठेवली ती मीच. बँकेत लागले त्या पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये आमलेट खाल्लं, तेही काही आवडलं म्हणून नव्हे, निव्वळ तुझ्या नाकावर टिच्चून. आणि आता बघ. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, पाणी उकळून गार केलेलं. बाहेरून आलेल्याने अंघोळ केल्याशिवाय माझ्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुलाने दारात जमिनीवर एक पिवळी चिकटपट्टी लावली आहे, ती ओलांडायची तर आधी परवानगी. फरक इतकाच की तुझं सोवळं जेवणावळ आटोपली की सुटायचं. माझं रक्ताचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत सुटत नाही, आणि तो केव्हा चांगला येईल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही.

तुला पहिल्यापासून सांगायला हवं. तू गेलीस तेव्हा माझा मुलगा चौथीत होता. आता त्याची मुलगी पहिलीत जाते. हे गेल्यापासून मी मुलाकडेच असते, या तामिळ मुलखात वेस्ट मांबलममध्येच, आपलं ते भाड्याचं घर होतं तिथून दोन गल्ल्या सोडून. ते घर पाडलं, तिथे आता चार मजली फ्लॅट झाले आहेत आणि खाली झेरॉक्सचं दुकान. दीड-दोन वर्षांपूर्वी माझी कंबर दुखायला लागली. मी म्हटलं, वय झालं, दुखायचीच. मग जिना चढताना धाप लागायला लागली, एकदा साधं वाकून कोलमची रांगोळी काढताना पाठीत कळ आली आणि मी तिथेच बसले. अड्यारच्या हॉस्पिटलात नेलं, तिथे कमरेच्या हाडातून पाणी काढावं तशी मज्जा काढली आणि रोगाचं नाव सांगितलं, मायलोमा. हाडांच्या आतल्या मज्जेत रक्त तयार होतं ना, तिथेच हा बसतो. औषधं आहेत, चांगली आहेत. पण ती रोगाला मारता मारता रक्त तयार करणाऱ्या भल्या पेशींनाही झोडपतात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणायचीस ना तू, तसं.

म्हणून औषधाच्या दर खेपेनंतर माझे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, पडतात. हा शब्द आता आमच्या घरात मिठाइतका झाला आहे. लाल पेशी कमी झाल्या की न्हाणीघरापर्यंत जाऊन आलं तरी डोंगर चढल्यासारखं वाटतं. प्लेटलेट कमी झाल्या की दात घासताना रक्त येतं, कुठे टेकलं तरी काळानिळा डाग उठतो. सुरी, विळी, कात्री सगळं माझ्यापासून लांब. आणि पांढऱ्या पेशी कमी झाल्या की हे सोवळं. बाहेरचा साधा जंतूसुद्धा मग आत शिरायला मोकळा. त्या वाढवायला पोटात इंजेक्शन देतात, त्याने रात्रभर हाडं ठणकतात, पण ठणकली म्हणजे आत काम चालू आहे असं डॉक्टरीणबाई म्हणतात. हॉस्पिटलच्या डे केअरमधली नर्स पहिल्याच दिवशी माझ्या केसांतला, हे गेल्यावरही मी न सोडलेला मोगरा बघून म्हणाली, "पू वेणाम्मा." फूल नको. ओल्या फुलांत, कुंडीतल्या मातीत, न शिजवलेल्या कोथिंबिरीत, काकडीच्या कोशिंबिरीत, सगळ्यात काही ना काही असतं म्हणे. मी साठी उलटलेली बाई, एवढी वर्षं या गावात राहिले, पहिल्यांदाच फुलांशिवाय घरी परत आले आणि रिक्षात खूप रडले. रोगाचं नाव ऐकून रडले नव्हते इतकी.

आमची सून तामिळ आहे. तुला चाललं नसतं, पण तुझं सोवळं तिने बघितलं असतं तर तिने त्यातल्या चुका काढल्या असत्या. ओटा पुसायचं फडकं वेगळं, माझ्या भाजीचा चमचा वेगळा, तो उकळत्या पाण्यातून काढलेला. मास्क लावून माझ्या खोलीत येते, हात कोपरापर्यंत धुऊन. मी एकदा गमतीने तिला तुझी गोष्ट सांगितली, की माझी आई सोवळ्याचं लुगडं उंच वलणीवर काठीने वाळत घालायची, म्हणजे कोणाचा हात लागू नये. ती गंभीरपणे म्हणाली, "अम्मा, नल्ल ऐडिया." चांगली कल्पना आहे. दुसऱ्या दिवसापासून माझे कपडे गच्चीवर न टाकता घरातच वेगळ्या दोरीवर. आता बोल.

पण तुझं सोवळं आणि हे सोवळं एकच असं मी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस. एकदा तसं समजण्याची चूक केली आणि ती अंगाशी आली. वरच्या मजल्यावर एक मामी राहतात, तुझ्याच वळणाच्या. आडी एकादशीला, आपल्या आषाढाच्या सुमारास, त्यांनी घरच्या देवाला अभिषेक केला. पहाटे थंड पाण्याने अंघोळ, नऊवारी मडिसार, वाटेत लिफ्टच्या बटणालाही हात लागू नये म्हणून त्या कोपराने बटण दाबून आल्या, आमच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मडिया कोंडु वंदिरुक्केन्, उंगळुक्काग." मडीने आणलंय, खास तुमच्यासाठी. मडी म्हणजे तुझं सोवळंच. चांदीच्या वाटीत पंचामृत. सून दळण आणायला गेली होती. माझ्यासाठी त्या रोज देवापाशी दिवा लावतात हे मला ठाऊक होतं. आणि मनात आलं, अगं, इतक्या सोवळ्यात आणलेलं आणखी शुद्ध ते काय असणार. तुझीच मुलगी ना मी. डाव्या हातावर उजवा ठेवून पळीभर घेतलं, डोक्याला हात पुसला. कच्चं दूध, कच्चं दही, उघड्यावरचा मध. चव अगदी आपल्या घरची होती.

तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. ताप आला तर घरची गोळी घ्यायची नाही, आधी हॉस्पिटल, हे आम्हाला घोकून घोकून सांगितलेलं, कारण गोळीने ताप दडतो आणि आतलं तसंच वाढत राहतं. सुनेने थर्मामीटर बघितला, बॅग तयारच होती ती उचलली. तिथे रक्त काढलं तर पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीतच. दंडात सुई, तासातासाला सलाइनमधून औषध, आणि डॉक्टरीणबाई, ज्या एरवी हसून बोलतात, त्या न हसता माझ्या मुलाला बाहेर घेऊन गेल्या. दाराच्या काचेतून मला फक्त त्याची मान हलताना दिसत होती. मी मेले असते तेव्हा, आई. सरळ सांगते. मामींना आम्ही यातलं काही सांगितलेलं नाही. त्या अजून दिवा लावतात.

त्याच आठवड्यात प्लेटलेटही इतक्या पडल्या की हिरड्यांतून आपोआप रक्त यायला लागलं. मुलगा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात आहे. त्याने फोन केला आणि शिफ्ट सुटल्यावर त्याच्या लाइनवरचा एक माणूस कंपनीच्या बसने घरी न जाता तसाच अड्यारला आला. मिशा राखलेला, चाळिशीचा, आम्हाला कधी न भेटलेला. मशीनच्या नळ्या हाताला लावून तो कितीतरी वेळ बसला आणि त्याच्या प्लेटलेट मला चढल्या. पिशवीत पिवळसर दिसतात, ताकावरच्या निवळीसारख्या. जाताना तो हॉस्पिटलच्या त्या पट्टी नसलेल्या दारात उभा राहून म्हणाला, "सापिडुंगम्मा, नल्ला सापिडुंगा." खा, नीट जेवा. मी त्याचं नाव विचारलं. आडनाव, गाव, कोणाचा कोण हे विचारलं नाही. तू विचारलं असतंस. आपल्याकडे भांडी घासायला येणारी बाई मागच्या दाराने यायची, तिने घासलेल्या भांड्यांवर तू पुन्हा पाणी ओतून मग ती आत घ्यायचीस. तिचा चेहरा मला आठवतो, ती तेव्हा दुसरीकडे बघायची. मामींच्या हातचं शुद्ध पंचामृत माझ्या जिवावर उठलं आणि त्या अनोळखी माणसाच्या अंगातलं माझ्या अंगात येऊन हिरड्यांचं रक्त थांबलं. हे तुला ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. रागाने म्हणतेय असं समज हवं तर. थोडी रागाने म्हणतेच आहे.

आणि राग कशाचा आहे तेही तुला माहीत असणार. आजीच्या श्राद्धाचा दिवस. शनिवार होता, शाळा अर्धीच असायची. मांबलम स्टेशनच्या दगडी पायऱ्या मी दोन-दोन एकदम उतरत होते, पाय घसरला, हनुवटी फुटली आणि गुडघा सोलवटला. फ्रॉकच्या पुढच्या भागावर रक्तच रक्त. मी वाटेत रडले नाही. रडायचं ते तुझ्याजवळ, असं ठरवून घरापर्यंत धावत आले. आणि तू चुलीपाशी, ओलेत्यात, हातात पळी. मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याकडे धाव घेतली आणि तू हात वर केलास. तळवा माझ्याकडे. "थांब! शिवू नकोस!"

मी थांबले. तशीच उभी राहिले, हनुवटीचं रक्त माझ्याच पायांवर ठिबकत. मग मागे फिरले. शेजारच्या बिऱ्हाडातल्या बाईंनी मला हौदापाशी नेऊन धुतलं, हळद भरली. तुझ्यापुढे काय होतं ते मला आता कळतं. बाहेर ओटीवर ब्राह्मण पाटावर बसलेले, दोन चुली, हाताखाली कोणी नाही, परक्या मुलखात सासूचं श्राद्ध, मी शिवले असते तर सगळा स्वयंपाक पुन्हा पहिल्यापासून. आजोबा एक शब्द बोलले नसते आणि नुसतं बघितलं असतं. कळतं मला. पण कळणं आणि विसरणं यांत फार अंतर आहे. त्या दिवसानंतर मी कुठेही पडले, मला काहीही लागलं, तरी तुझ्याकडे धावत आले नाही. लग्नात पाठवणीच्या वेळीसुद्धा तू जवळ घेतलंस तेव्हा मी ताठ होते. तुला ते जाणवलं असेल. तू कधी विचारलं नाहीस, मी कधी सांगितलं नाही. तू एरवी काय काय केलंस माझ्यासाठी, माझ्या बँकेच्या परीक्षेच्या वेळी पहाटे उठून कॉफीचं डिकॉक्शन टाकायचीस, सगळं आठवतं. पण डोळे मिटून आई म्हटलं की पहिल्यांदा दिसतो तो हात.

म्हणूनच या आजारात मला एकच भीती आहे. मरणाची आहेच, पण ती सगळ्यांना असते. माझी खरी भीती नातीची. ती सहा वर्षांची आहे. तामिळ फडाफडा बोलते, मराठीतले शब्द तिला मोजके येतात, ये, जा, आज्जी, लाडू, आणि "पुरे आता", हे माझ्याकडून उचललेलं. मी आणखी थोडी जगले आणि मग गेले, तर तिला माझं काय आठवणार? जी काही पाच-सहा चित्रं मनात राहतात त्यांत मी कशी असेन? पट्टीच्या पलीकडे, मास्क लावलेली, तिला थोपवणारी. मी माझ्या मनाला बजावून ठेवलं होतं की काहीही झालं तरी या मुलीपुढे हात वर करायचा नाही. गोड बोलून सांगायचं, खेळ करून सांगायचं. तसं ते चालतही होतं. शाळेची व्हॅन आली की सून तिला परस्पर न्हाणीघरात न्यायची, मग ती स्वच्छ होऊन पट्टीवर पायाची बोटं टेकवून उभी राहायची आणि विचारायची, "आज्जी, वरलामा?" येऊ का? मी "ये" म्हटलं की पलंगाच्या पायथ्याशी येऊन बसायची.

गेल्या आठवड्यात माझे काउंट पुन्हा तळाला गेले. हॉस्पिटलातून येऊन फार दिवस झाले नव्हते, घरात सगळे अजून धास्तावलेले. दुपारी व्हॅन आली, सून खाली जाऊन तिला घेऊन आली आणि दप्तर ठेवायला वळली तेवढ्यात ही पोरगी सुसाट माझ्या खोलीकडे. ओठांवर रक्त, हनुवटीवर ओघळ, शाळेचा मळलेला युनिफॉर्म, आणि मुठीत काहीतरी. तिचा पहिला दात पडला होता. आईला नाही, वाटेत कोणाला नाही, तिला तो आधी मला दाखवायचा होता. ती पट्टी ओलांडून आत आली आणि माझा हात वर झाला. मी केला नाही, तो झाला. तळवा तिच्याकडे.

"थांब! शिवू नकोस! आधी युनिफॉर्म काढ, हात धू, आणि ये!"

ती जागच्या जागी थांबली. माझ्या हाताकडे बघितलं, तोंडाकडे नाही. मग फिरली आणि धावत सुटली, आणि स्वयंपाकघरातून तिचं रडणं ऐकू आलं, "आज्जी तोडादेन्नु सोन्नांगा!" आज्जी शिवू नको म्हणाल्या. मी पलंगावरून ओरडले, "अगं, ये म्हटलं ना मी! शेवटी ये म्हटलं मी!" माझा आवाज तिथपर्यंत पोचला नाही. मला धाप लागली. आणि मी तशीच उशीला टेकून बसले, कारण मला तुझं स्वयंपाकघर दिसायला लागलं होतं, पण या वेळी चुलीच्या बाजूने.

लहान मूल उघडं असलं तर सोवळ्यात चालतं, हा तुमचाच नियम. ओवळे असतात ते कपडे, मूल नव्हे. मी चार-पाच वर्षांची असेपर्यंत तू मला हाक मारायचीस, "फ्रॉक काढ आणि ये," आणि मी फ्रॉक भिरकावून तुझ्या ओल्या लुगड्याला मिठी मारायची, अंगाला गार लागायचं आणि तू म्हणायचीस, शहाणी ती. हे मी पार विसरून गेले होते. त्या श्राद्धाच्या दिवशी मी आठ वर्षांची होते, ओटीवर परके पुरुष बसलेले, मी कशी फ्रॉक काढणार होते? पण तुला मी आठ वर्षांची कुठे दिसत असणार. मला माझी नात अजून पाळण्यातली दिसते. आणि तू त्या दिवशी पळी हातात धरून चुलीपाशी नव्हतीस, आई. हे मला गेल्या आठवड्यात दिसलं. तू चूल सोडून उंबरठ्यापर्यंत आली होतीस. तुझ्या पायाची बोटं उंबरठ्याच्या कडेवर होती, ओली, आत वळलेली, जोडवी कडेला लागलेली. वर बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मला तुझे पायच नीट आठवतात. थोपवणारी बाई मागे सरते. तू पुढे आली होतीस.

थोड्या वेळाने नात आली. अंघोळ केलेली, केसांतून पाणी गळत होतं, सुनेने दात उकळत्या पाण्यातून काढून स्टीलच्या वाटीत घातला होता. ती पट्टीवर उभी राहिली. नेहमीसारखं विचारलं नाही. मीच म्हटलं, "ये." तरी ती हलली नाही. मी पुन्हा म्हटलं, पुन्हा म्हटलं, मग तामिळमध्ये "वा, कण्णा", ये बाळा, म्हटलं, आणि मला रडू फुटलं तेव्हा ती आली. पलंगाच्या पायथ्याशी बसून तिने वाटी हलवून दाताचा आवाज ऐकवला. मग आपला ओला गार तळवा माझ्या पावलावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. तिला यातलं पुढे काय आठवेल ते माझ्या हातात नाही. परवा रक्त तपासायचं आहे, काउंट वर आले तर औषधाची पुढची खेप, नाहीतर आणखी थांबायचं.

हे कागद मी घडी करून उशीखाली ठेवणार आहे. आमची सून अभ्रा रोज बदलते, तेव्हा ते तिथे फार दिवस टिकतील असं वाटत नाही. तुला पाठवायला पत्ता नाही आणि तूही उत्तर देणाऱ्यांतली नव्हतीस. फक्त एक गोष्ट लपवून ठेवायची नाही म्हणून लिहिते. गेल्या आठवड्यापासून मला त्या दिवशीचं तुझं वाक्य पूर्ण ऐकू येतं, "थांब, शिवू नकोस, फ्रॉक काढ आणि ये." तुझ्या पायाची बोटं मला नक्की आठवतात, ती मी शपथेवर सांगेन. पण "ये" तू खरंच म्हणाली होतीस का, हे मला ठाऊक नाही. तो शब्द बहुतेक मीच आता तुझ्या तोंडी घातला आहे. तिथेच राहू दे तो. मी काढणार नाही.